नऊ हजारांचे गॅस किट

मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सात रुपयांहून अधिक महागले, तेव्हा मी कोल्हापूरहून इचलकरंजीला रोज गाडीने ये-जा करत होतो. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला १,५०० किलोमीटर. माझी २००६ सालची वॅगन आर लिटरला चौदाच्या आसपास किलोमीटर देत असे, त्यामुळे दरवाढीनंतर केवळ कामावर जाण्याचा पेट्रोलखर्च आठ हजारांच्या पुढे जाऊ लागला. त्याच जूनमध्ये थोरल्या मुलीची अकरावीची फी भरायची होती. पेट्रोलची गाडी एलपीजीवरही चालावी म्हणून तिला गॅस किट बसवून घ्यावे, हा विचार वर्षभर मनात होताच. त्या महिन्यात मी वही-पेन घेऊन हिशेबाला बसलो.

या हिशेबात बहुतेकांची एक चूक होते, ती मी केली नाही, एवढे श्रेय मला घेऊ द्यावे. पंपावरच्या पाट्या पाहिल्या तर ऑटो एलपीजीचा, म्हणजे गाड्यांसाठीच्या एलपीजीचा, लिटरचा दर तेव्हा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश होता, आणि म्हणून खर्चही तेवढाच होईल असे वाटते. परंतु एक लिटर एलपीजीमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. गाडी तेवढ्याच अंतराला अधिक लिटर पिते, आणि लिटरला चौदा देणारी गाडी गॅसवर साडेअकरा-बारावर येते. शिवाय इंजिन गार असताना गाडी पेट्रोलवर सुरू करून थोडी तापल्यावर गॅसवर घ्यायची असते, त्यामुळे पेट्रोल पूर्णपणे सुटत नाही ते नाहीच. हे सगळे धरून माझी बचत महिन्याला सुमारे दीड हजार रुपये निघत होती. नव्या किटसाठी मला बसवणुकीसह २४,००० रुपये सांगितले गेले होते. म्हणजे पैसे वसूल व्हायला सोळा महिने. गाडी तोपर्यंत सहा वर्षांची झालेली होती आणि आणखी किती वर्षे ठेवायची हे ठरलेले नव्हते. अशा वेळी सांगलीच्या एका वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींमध्ये ‘इटालियन गॅस किट, टाकीसह, उत्तम स्थितीत’ ही ओळ दिसली, तर माणसाचे मन तिकडे धावणारच.

विक्रेते गृहस्थ सभ्य होते. त्यांच्याकडे सँट्रो होती. ती विकताना घेणाऱ्याला किट नको होते, म्हणून त्यांनी ते उतरवून ठेवले होते आणि स्वतः डिझेलची गाडी घेतली होती. व्हरांड्यात गोणपाटावर सगळे मांडून ठेवलेले होते. काळ्या रंगाची लांबट गोल टाकी, तिच्या पोटावर बसवलेला मल्टीव्हॉल्व्ह, गॅसचा दाब कमी करणारा, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा रिड्यूसर, गॅस हवेत मिसळणारे ॲल्युमिनियमचे मिक्सर, विजेवर उघडझाप करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, गुंडाळलेली तांब्याची नळी, गाडी गॅसवर असताना पेट्रोलच्या इंजेक्टरला ‘थांब’ म्हणून सांगणारा इम्युलेटर, डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅस स्विच आणि वायरींचा एक गुंता. रिड्यूसरवर ‘मेड इन इटली’ कोरलेले होते. त्या काळात आपल्याकडे गॅस किट म्हटले की लोवाटो, लँडी रेन्झो, बीआरसी अशी इटलीचीच नावे घेतली जात, आणि ती अक्षरे पाहून मला जो विश्वास वाटला त्याला दुसरा काहीही आधार नव्हता.

मी काय पाहिले? टाकीला पोचा नाही ना, गंज नाही ना, नळीचे आटे झिजलेले नाहीत ना, स्विचचे दिवे लागतात का. गाडी घेताना आपण टायरला लाथ मारून पाहतो, तशीच ही परीक्षा होती. अकरा हजारांवरून घासाघीस करत सौदा नऊ हजारांवर आणला. कागदपत्रांचे विचारले तेव्हा त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून मूळ बिलाची झेरॉक्स काढून दिली, आणि निघताना उदारपणे म्हणाले, “टाकीत अर्धा गॅस आहे हं. तो आमच्याकडून फुकट.”

त्या फुकट गॅसची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

टाकी मी वॅगन आरच्या डिकीत आडवी ठेवली, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो. अंकली ओलांडून जयसिंगपूर जवळ आले तेव्हा गाडीत वास येऊ लागला. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन नावाचे सडक्या कोबीसारखा वास देणारे द्रव्य मिसळलेले असते. स्वयंपाकघरात हा वास आला की आपण खिडक्या उघडतो. धावत्या गाडीत तो आला तेव्हा प्रथम मला वाटले की बाहेरूनच येत असावा. एखादा किलोमीटर गेल्यावर मात्र शंका उरली नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले, चारही दारे आणि डिकी उघडली. मल्टीव्हॉल्व्हच्या ज्या तोंडातून नळी इंजिनाकडे जाते, तिथे एक चिंधी कोंबून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि चिंधीच्या कडेला पांढरे दव जमले होते. आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती. त्या तोंडाजवळ हाताने फिरवायची एक छोटी तोटी असते. ती पुरती बंद केलेलीच नव्हती. पाऊण आटा फिरवल्यावर आवाज थांबला.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली साचतो, डिकीच्या खड्ड्यात, सीटखाली, पायदाणात. सगळी दारे उघडी टाकूनही बराच वेळ वास हटत नव्हता, आणि किल्ली फिरवण्याचे धैर्य मला होत नव्हते, कारण स्टार्टरची एक ठिणगी पुरेशी असते. समोर रसवंती होती. चरकाचे घुंगरू थांबवून तिचा मालक चौकशीला आला तो तोंडात पेटलेली बिडी घेऊन. त्याला मी ज्या आवाजात ओरडून मागे हटवले, तसा मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही. नंतर त्याच्याकडे दोन ग्लास रस घेतला, माफी मागितली आणि अर्ध्या-पाऊण तासाने निघालो. काचा उघड्या ठेवून, चाळीसच्या वेगाने.

दुसऱ्या दिवशी किट घेऊन उद्यमनगरातील एका अधिकृत फिटरकडे गेलो. माणूस कमी बोलणारा होता. रिड्यूसरकडे किंवा ‘मेड इन इटली’कडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. रॉकेलचा बोळा घेऊन टाकीच्या एका टोकाशी बसला आणि घासू लागला. वरचा काळा रंग नंतर मारलेला होता. त्याच्या खालून एक पत्र्याची पट्टी वर आली. टाकीचा अनुक्रमांक, पाण्याच्या मापात क्षमता, आयएस १४८९९ हे मानकाचे चिन्ह आणि तपासणीचा महिना-वर्ष. वर्ष होते २००५. ऑटो एलपीजीची टाकी दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी लागते, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. या टाकीची मुदत संपून दोन वर्षे होऊन गेली होती. मग त्याने माझ्याकडची झेरॉक्स पाहिली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाला, “सर, तुम्ही लोखंड आणलंय. किट कागदात असतंय.”

त्याचे म्हणणे सविस्तर समजून घ्यायला मला अर्धा दिवस लागला. आपल्याकडे खासगी गाड्यांना एलपीजी वापरण्याची मोकळीक तेव्हा तशी अलीकडची होती. मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली आणि २००१ मध्ये वाहनांतील एलपीजीच्या वापराविषयीचा आदेश निघाला; त्याआधी रस्त्यावर जे काही एलपीजीवर चालत होते ते सगळे चोरीछुपेच. परवानगी देताना सरकारने ती वस्तूला दिली नाही, जोडणीला दिली. किटच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती मान्यता इंजिनाच्या ठरावीक क्षमतेपुरती व ठरावीक मुदतीपुरती असते. टाकीला आणि तिच्यावरच्या व्हॉल्व्हला स्फोटकविषयक मुख्य नियंत्रकांची मान्यता लागते. त्यांचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. या दोन्ही गोष्टी असलेले किट अधिकृत फिटरने अमुक क्रमांकाच्या गाडीत बसवले, असा दाखला तो देतो. त्यावर किटचा व टाकीचा क्रमांक असतो, आणि तो दाखला पाहून आरटीओ आर.सी. बुकात इंधनाच्या रकान्यात बदल करते. माझ्या गोणपाटातल्या किटचे क्रमांक अजून त्या सँट्रोच्या नावावर होते, कारण गाडी विकताना गृहस्थांनी आर.सी. बुकातली ‘पेट्रोल / एलपीजी’ ही नोंद काढून घेण्याचे कष्ट घेतले नव्हते. ती सँट्रो कुठे, कुणाकडे, कोणत्या जिल्ह्यात फिरत होती, हे त्यांनाही सांगता येईना. फोनवर ते म्हणाले, “एजंटाला विचारतो.” त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

कागद बाजूला ठेवून निदान वस्तू तरी चांगली आहे का, ते पाहू या, असा हट्ट मी धरला. नऊ हजार गेले होते, त्याची लाज वाटत होती. फिटरने रिड्यूसर बाकावर खोलला. याचे काम असे की टाकीतून द्रवरूपात आलेल्या एलपीजीचा दाब कमी करून त्याची वाफ करायची. वाफ होताना गॅस भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि यंत्र गोठू लागते, म्हणून रेडिएटरचे गरम पाणी त्याच्या अंगातून फिरवलेले असते. जयसिंगपूरला चिंधीवर जमलेले पांढरे दव हे त्याच गुणाचे. आत रबराचे पातळ पडदे असतात आणि इंजिनाच्या ओढीप्रमाणे ते हलून गॅस कमी-जास्त सोडतात. माझ्या रिड्यूसरमधला पडदा त्याने बोटाने दाबला तर तो उन्हात वाळलेल्या पापडासारखा कडक झालेला होता, आणि एका कडेला बारीक चीर गेली होती. तळाशी काळे, डांबरासारखे चिकट तेल साचले होते. गॅसबरोबर येणारा जड अंश वर्षानुवर्षे तिथे बसत राहतो आणि तो अधूनमधून काढून टाकायचा असतो, जे कुणी केलेले नव्हते. पडद्यांचा नवा संच मिळतो, ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण गाडीवरून उतरवून वर्षभर कोरडे ठेवलेले रबर हे रोज चालणाऱ्या रबरापेक्षा लवकर मरते, असे त्याचे मत होते आणि समोरचा पडदा त्याला दुजोरा देत होता.

मिक्सरही चालणारे नव्हते. सँट्रो १,०८६ सीसीची, माझी वॅगन आर १,०६१ सीसीची. मला वाटले होते की एवढ्याशा फरकाने काय बिघडते. परंतु मिक्सर हे इंजिनाच्या क्षमतेइतकेच, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या तोंडाच्या मापाशी आणि आकाराशी जुळावे लागते. ते ढिले बसले किंवा मिश्रण पातळ पडले तर गॅसवर चालणारे इंजिन कधीकधी उलटे फुटते. ज्वाला आत जाण्याऐवजी हवेच्या नळीकडे येते आणि एअर फिल्टरच्या प्लॅस्टिकच्या डब्याचे तुकडे होतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत हे झाले होते. त्याला वाटले टायर फुटला.

सर्वांत शिकवून गेली ती मात्र मल्टीव्हॉल्व्हची गोष्ट. एवढ्याशा पितळी ठोकळ्यात चार कामे बसवलेली असतात. गॅस भरताना टाकी ८० टक्के भरली की प्रवाह आपोआप तोडणे, नळी तुटली तर एकदम वाढलेला प्रवाह अडवणे, दाब अतोनात वाढला तर गॅस बाहेर सोडणे, आणि टाकीत किती आहे ते काट्यावर दाखवणे. वरची २० टक्के जागा रिकामी ठेवतात ती कंजुषी म्हणून नव्हे. द्रवरूप एलपीजी उष्णतेने बराच फुगतो, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्याला फुगायला जागा नसेल तर दाब टाकीच्या पत्र्यावर येतो. हे ८० टक्के ठरवते कोण, तर आत एका दांडीवर तरंगणारा तराफा. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला फुगा असतो, तसाच. आता ही दांडी टाकीच्या व्यासाप्रमाणे लहान-मोठी असते आणि टाकी ठरावीक कोनात बसवली तरच तिचे माप खरे असते. माझ्या व्हॉल्व्हवर ‘३०’ हा आकडा कोरला होता. म्हणजे टाकी चौकटीत पक्की करताना व्हॉल्व्ह ठरल्या रेषेपासून ३० अंशांवर यायला हवा. कुणी घाईत टाकी थोडी फिरवून पट्टे आवळले, तर तराफ्याला ८० टक्के कुठे येतात हेच कळत नाही आणि पंपावरचा मुलगा निर्धास्तपणे टाकी गच्च भरून देतो. डिकीत विटा लावून मी ती टाकी कोणत्या कोनात आणली होती, हे आठवून मला पुन्हा घाम फुटला.

याशिवाय व्हॉल्व्हभोवती गच्च बसणारे झाकण असावे लागते, आणि त्यातून निघालेली नळी गाडीच्या तळाला भोक पाडून बाहेर काढलेली असावी लागते, म्हणजे गळलेला गॅस डिकीत साचण्याऐवजी रस्त्यावर पडतो. ते झाकण माझ्या किटमध्ये नव्हतेच. तांब्याची जुनी नळी पुन्हा वापरायला फिटरने साफ नकार दिला. एकदा टोके फुलवून आवळलेली नळी दुसऱ्या गाडीच्या अंगाप्रमाणे वाकवली की ती कुठे चिरेल, याचा भरवसा नसतो, असे तो म्हणाला. हे मला लगेच पटले.

मग त्याच्याच बाकावर बसून बेरीज केली. टाकीची फेरतपासणी आणि ती नेण्या-आणण्याचा खर्च, ती पास होईल हे गृहीत धरून, पडद्यांचा संच, मिक्सर, झाकण आणि वायुवाहक नळ्या, तांब्याची नळी, मजुरी. साडेनऊ हजारांच्या आसपास आकडा गेला. म्हणजे आधीचे नऊ धरून साडेअठरा हजार, आणि एवढे करूनही दाखला नाही, कारण स्वतः न विकलेल्या किटच्या दाखल्यावर फिटर सही करणार नव्हता. दाखला नाही म्हणजे आर.सी. बुकात नोंद नाही. नोंद नाही म्हणजे विमा कंपनीला सांगता येत नाही, आणि उद्या गाडीला काही झाले तर आर.सी.वर पेट्रोल आणि डिकीत गॅसची टाकी, हे पाहून कंपनी काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको.

कार्यालयात हे सगळे सांगितल्यावर एकाने सल्ला दिला की एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा घरचा सिलिंडर टाकावा, ओम्नीवाले टाकतातच. हा सल्ला महाराष्ट्रात प्रत्येक गावात कुणी ना कुणी देतोच, म्हणून इथे लिहून ठेवतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वाहनात वापरणे हा गुन्हा आहे, हे तर झालेच. पण तो सिलिंडर उभा ठेवून वरून वाफ घेण्यासाठी बनवलेला असतो. त्यातला गॅस पंपाने गाडीच्या टाकीत ओढून घेणारे जे कोपऱ्यावरचे धंदे चालत, तिथे ८० टक्क्यांचा तराफा चालतो की नाही हे पाहायला कुणी बसलेले नसते. गाडीच्या इंधनाचे मानकही वेगळे आहे.

शेवटी त्याच फिटरकडून मी नवे किट घेतले. थोडी सवलत मिळाली, ती माझ्या अवस्थेची दया येऊन दिली असावी. तीन दिवसांनी गाडी हातात आली, साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर लावून बुडबुडा येत नाही हे त्याने मला जवळ उभे करून दाखवले, आरटीओतील नोंद झाली आणि विमा कंपनीला कळवले. त्यासाठी तृतीय पक्षाच्या हप्त्यात ६० रुपये आणि स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात किटच्या किमतीच्या ४ टक्के एवढीच वाढ झाली. इतक्या थोडक्या रकमेसाठी लोक ही गोष्ट कंपनीपासून लपवतात, याचे मला आजही नवल वाटते. गाडी गॅसवर लिटरला पावणेबारा देऊ लागली. सोळा महिन्यांचा हिशेब त्या नऊ हजारांमुळे बावीसवर गेला.

कुणाला वापरलेले किट घ्यायचेच असेल, तर माझे मत असे की ते गाडीसकट घ्यावे. आर.सी. बुकात एलपीजीची नोंद असलेली, टाकीची तपासणी मुदतीत असलेली जुनी गाडी घेणे हा चांगला व्यवहार होऊ शकतो, कारण तिथे लोखंड आणि कागद एकमेकांना सोडून गेलेले नसतात. सुटे किट फक्त एकाच माणसाने घ्यावे, आणि तो म्हणजे सुट्या भागांसाठी घेणारा फिटर. माझ्या फिटरनेही रिड्यूसरचे धड, सोलेनॉइड आणि इम्युलेटर मिळून मला आठशे रुपये दिले.

राहिली टाकी. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता, पण तो ती पुढे कुणाला विकेल, या विचाराने मी दिली नाही. जाहिरात देऊन कुणाच्या तरी गळ्यात मारता आली असती, आणि खरे सांगायचे तर एका संध्याकाळी मी जाहिरातीचा मजकूर लिहिलाही होता. ‘उत्तम स्थितीत’ या शब्दांपाशी अडलो. फिटरने उरलेला गॅस मोकळ्या जागेत हळूहळू सोडून दिला, मल्टीव्हॉल्व्ह काढला, टाकी काठोकाठ पाण्याने भरली आणि दोन दिवसांनी माझ्यासमोर तिला करवतीने मधोमध कापले. पाण्याबरोबर तेच काळे तेल फरशीवर आले. दोन अर्धे तुकडे भंगारात ३२० रुपयांना गेले. डिकीतल्या गालिच्याचा वास मात्र पुढचा पावसाळा संपेपर्यंत गेला नाही, आणि इचलकरंजीला माझ्याबरोबर येणारे सहकारी रोज गाडीत बसल्याबसल्या विचारत, “सर, गॅस लीक होतोय का हो?”